दुसऱ्या सशाची रेघ

करोनाच्या दिवसांत आमच्या चारकोपच्या सोसायटीत जो तो अँटिबॉडीवर बोलायला लागला होता. जिन्यात कुणी भेटलं की सांगायचं, "काकू, माझ्या अँटिबॉडी एकदम झकास आल्यात." मी मान डोलवायची आणि पुढे जायची. चौतीस वर्षं अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत मी त्याच वस्तूच्या कुप्या सांभाळल्या होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं सांगायची माझी हिंमत नव्हती. आता पासष्टी उलटली. गुडघे झिजले, त्यांच्याबरोबर लाजही थोडी झिजली. म्हणून लिहिते.

नातवंडांना वाटतं आजी जन्मापासून खट्याळ. नाही रे बाबांनो. आजी आधी फार शहाणी होती. इतकी शहाणी, की जवळ बसवत नव्हतं.

माझं पद लॅब टेक्निशियन. मनातल्या मनात मात्र मी त्या खोलीची महाराणी होते. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, खिशात तीन रंगांची पेनं, आणि फ्रीजची किल्ली गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. सर परदेशी शिकून आलेले, पण कुठली कुपी कुठे आहे हे त्यांना मलाच विचारावं लागे. मी उत्तर द्यायला मुद्दाम जरा वेळ लावायची.

आमचं काम एका एन्झाइमवर चाले. पेशीत प्रोटीन तयार होतं ते लांब दोऱ्यासारखं. त्याची नीट घडी बसली तर ते कामाचं, नाहीतर कचरा. घडी सुटू नये म्हणून त्याला मधेमधे गंधकाचे बंध लागतात, आणि घाईघाईत ब्लाउजचा हुक भलत्याच लूपमध्ये अडकावा तसे ते कधीकधी चुकीचे लागतात. आमचं एन्झाइम ते चुकलेले हुक सोडवून योग्य जागी लावून देतं. बिचारं दिवसभर तेच करत असतं. पण डोळ्यांनी ते दिसत नाही. ते दाखवायला अँटिबॉडी लागते.

ती मिळते सशाकडून. सशाला ते एन्झाइम टोचतात, त्याच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, मग ते रक्त काढून त्याच्यावर आलेलं पिवळसर पाणी कंपनी कुपीत भरून विकते. आम्ही पेशींचा रस एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवायचो आणि त्यावर हे सशाचं पाणी पातळ करून ओतायचो. पडद्यावरच्या हजार गोष्टींतून ते आपलं एन्झाइम हुडकून त्याला चिकटतं. मग फोटो काढला की त्या जागी एक काळी रेघ उमटते. त्या बोटभर रेघेवर लोक डॉक्टरेट मिळवतात.

यात एक गोम आहे. ससा बदलला की अँटिबॉडी बदलते. दोन जावांनी एकाच कृतीने केलेली आमटी कधी सारखी लागते का? तसंच हे. एखाद्या सशाची अँटिबॉडी नेमकं हवं तेच पकडते, दुसऱ्याची त्याच्याबरोबर आणखी कुणालातरी मिठी मारते. म्हणून कुपीवर नंबर असतो. कुठल्या सशाचं रक्त, ते त्यावरून कळतं. तो नंबर दर वेळी वहीत लिहायचा असतो.

आता माझं शहाणपण ऐका.

एकदा पातळ केलेली अँटिबॉडी पडद्यावरून परत काढून नळीत भरून ठेवता येते. नासू नये म्हणून त्यात चिमूटभर विष घालतात. तीन-चारदा वापरायची, मग टाकून ताजी करायची, असा नियम. मी टाकत नसे. मी नोकरीला लागले तेव्हा एक कुपी मागवली की ती विमानतळाच्या गोदामातून सुटून आमच्यापर्यंत यायला तीन-तीन महिने जायचे, आणि आली की बर्फ वितळून कोमट झालेली असायची. तेव्हापासून मी नळी रिकामी होऊच दिली नाही. तळाशी राहिलेल्यात नव्याची भर घालायची, पुन्हा वापरायची, पुन्हा भर. माझ्या आईने गिरणीच्या संपात, घरात दूध पेलाभर आलं तरी, विरजण मोडू दिलं नव्हतं. मी तिचीच लेक. अँटिबॉडीचंही विरजण चालवलं. आणि वहीत मात्र दर वेळी लिहायची, 'ताजी बनवली', पुढे नंबर, पुढे सही. रकानाच तसा होता. रकाना रिकामा ठेवणं माझ्या इभ्रतीला शोभत नव्हतं.

माझं काम कधी बिघडलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. नवीन मुलं मला बघून शिकायची. सर म्हणायचे, "मॅडमच्या हाताला यश आहे." मी ते खरं धरून चालले होते.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असतील तेव्हा पीएचडी करणारी एक मुलगी माझ्या टेबलाशेजारी आली. त्याआधी तिची दोन वर्षं वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेली होती. बारीक, चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्या दिवशी ती फोनवर आईशी बोलत होती, तेव्हाच मला बोलीवरून कळलं.

"खंयची गो तू?" मी विचारलं.

ती दचकली. मग हसली. "मालवणची. तुमी?"

"माझा म्हायार देवगडाकडे."

"मगे तुमी मावशी," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तीच झाले.

तिचे वडील एसटीत कंडक्टर. घराण्यात दहावीच्या पुढे ही पहिली. मालाडला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची, सकाळी साडेआठला लॅबमध्ये. मी तिला फार छळलं. पिपेट धरली की म्हणायची, "हात बघ कसा थरथरतोय. तुळशीला पाणी घालतेस का?" ती म्हणायची, "तुमी बघतास ना, म्हणान थरथरता." उत्तर तयार असायचं. मला आवडायची ती. हेही लिहून ठेवते, कारण पुढे जे आहे ते वाचून कुणाला पटणार नाही.

तिचा प्रश्न साधा होता. पेशींना त्रास दिला, उपाशी ठेवलं, गरम केलं, तर त्या हुकवाल्या एन्झाइमचं काय होतं? वर्षभर तिने पेशींना छळलं आणि वर्षभर एकच रेघ आली. जाड नाही, बारीक नाही. काहीच होत नाही, हे उत्तर घेऊन कुणी डॉक्टर होत नाही. विद्यापीठाच्या नोंदणीची मुदत पावणेदोन वर्षांनी येणाऱ्या मार्चपर्यंत होती, आधी एकदा वाढवून झालेली. दुसऱ्यांदा वाढत नाही. रविवारी आईचा फोन यायचा, "झाला काय गो?" ही म्हणायची, "होतला."

त्याच सुमारास अँटिबॉडी संपत आली. पहिल्या सशाची एकच कुपी उरली होती. ती मी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये अगदी तळाला दडवली, लोणच्याची शेवटची बरणी पाहुण्यांपासून दडवावी तशी. आणि तेवढ्यात एका पुरवठादाराचा माणूस एक छोटी कुपी ठेवून गेला. "मॅडम, तेच एन्झाइम, नवीन लॉट आहे. फ्री सॅम्पल. ट्राय करून बघा ना."

नवीन लॉट म्हणजे नवीन ससा. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी नवख्या मुलांना यावर अर्धा तास ऐकवायची. पण नळीत तळाला दोन बोटं राहिली होती, हातात भरलेली कुपी होती, आणि समोर ती मुलगी पडदा धरून उभी होती. ओतली सगळी. सॅम्पलला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. वहीत लिहिलं, ताजी बनवली, नंबर पहिल्या सशाचा. सुंदर अक्षरात.

दोन आठवड्यांनी ती डार्क रूममधून धावत आली. हातातल्या फिल्मवर अजून पाणी होतं.

"मावशी, दोन आहेत!"

"काय दोन?"

"रेघा! बघा ना. साध्या पेशींत एक. त्रास दिलेल्यांत दोन. खाली बारीक आहे, पण आहे. एन्झाइमचा तुकडा पडतोय, मावशी!"

मी चष्मा लावून पाहिलं. होती दुसरी रेघ. स्वच्छ. त्या वेळी डोक्यात दुसरा ससा आला का, हे मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. खरं सांगते, नाही आला. डोक्यात आलं ते असं, की माझ्या हाताला यश आहे.

पुढे सव्वा वर्ष ती त्या रेघेमागे धावली. पेशी बदलल्या, त्रास बदलला, रेघ दर वेळी आली, कारण नळी तीच होती. मी दर वेळी पडद्यावरून थेंब न् थेंब परत तिच्यात भरून ती जिवंत ठेवली होती. सरांनी शोधनिबंध लिहिला, बाहेरच्या नियतकालिकाला पाठवला. मुलीने प्रबंधाची चार प्रकरणं लिहिली, चारही त्या दुसऱ्या रेघेवर. सर तिला नावाने हाक मारायला लागले. त्याआधी "तुम्ही" म्हणून भागवायचे.

निबंध परत आला. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, हाच प्रयोग ताज्या कुपीने पुन्हा करून फोटो पाठवा. चुकीचं काहीच मागितलं नव्हतं.

सर स्वतः लॅबमध्ये आले. "मॅडम, या नंबरची न उघडलेली कुपी आहे ना?"

"आहे ना सर." मी तळातून ती काढून दिली. केवढ्या ऐटीत! मुख्यमंत्र्यांना पुष्पगुच्छ द्यावा तशी.

सरांनी प्रयोग त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून करवला. एक रेघ आली. पुन्हा केला. एक. तिसऱ्यांदा सर स्वतः उभे राहिले. एक. तिसऱ्या वेळी मी दारात उभी होते, आणि मला ती छोटी कुपी आठवली. हुशारीचं सोंग असलं तरी चौतीस वर्षांत एवढं शिकले होते. दुसऱ्या सशाच्या रक्तात आणखी काहीतरी होतं. पेशींना त्रास दिला की वाढणारं दुसरंच एखादं प्रोटीन ते पकडत होतं. आमच्या एन्झाइमचा तुकडाबिकडा काही पडत नव्हता. पोरीची रेघ खरी होती, पण भलत्याच कुणाची तरी होती.

आणि त्याचा जगातला एकमेव पुरावा फ्रीजच्या दारात, निळ्या झाकणाच्या नळीत होता.

त्या वेळी एखादी बरी बाई सरांकडे गेली असती. मी फ्रीज उघडला, नळी काढली, झाकण उघडलं आणि ब्लीचच्या बादलीत ओतली. नळी धुतली. स्टँडवर उपडी घातली. नेहमी घालते तशीच, रांगेत. हात थरथरत नव्हता. यश होतं ना हाताला!

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मावशी, एक विचारू? नळी कधी बदलली नव्हती ना? दुसरं काही मिसळलं नव्हतं ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "वही बघ हवं तर."

तिने वही पाहिली होती. पाठ झाली होती तिची. "हो ना," ती म्हणाली. "म्हणजे माझंच काहीतरी."

मग आठ दिवस मी पाहत बसले. ती सगळं मुळापासून परत करत होती. पेशी मोजायची, पुन्हा मोजायची, शेजारच्या मुलाला मोजायला लावायची. स्वतःचे जुने फोटो लावून बसायची आणि हे आपणच काढलेत का, असं बघायची. डबा न उघडता परत न्यायची. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, माणूस स्वतःच्या नकळत काही करू शकतो का हो? म्हणजे, फोटोत?" मी म्हटलं, "जेवून घे आधी." एवढंच म्हटलं.

नवव्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं, आणि वही घेऊन मलाही. टेबलावर फोटो मांडले होते, जुने डावीकडे, नवे उजवीकडे.

"वहीप्रमाणे दोन्हीकडे अँटिबॉडी तीच," सर म्हणाले. "पेशी त्याच. मग ही रेघ आली कुठून? मी शेवटचं विचारतोय. फोटोत काय केलंस?"

ती जुन्याच फोटोंकडे बघत होती. तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता, बोलणार काय? तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सर, मी केलं."

सगळं सांगितलं. विरजण, सॅम्पल, नळी, ब्लीच. सांगताना माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटत होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वही माझ्यासमोर सरकवली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"इथे लिहिलंय ताजी बनवली. इथेही. इथेही. सही तुमची. रजिस्टरमध्ये सॅम्पल नाही. नळी नाही. कुपी नाही. मॅडम, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा, सर."

त्यांनी वही मिटली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमची तिच्यावर माया आहे, मला माहितीये. पण असं करून ती वाचणार नाही. चौतीस वर्षांचं नाव घालवू नका."

त्यांना वाईट म्हणायला मन होत नाही. वहीवर अविश्वास दाखवला असता तर त्यांना स्वतःचे पंधरा वर्षांचे निबंध उघडून बसावं लागलं असतं. सगळे त्याच वहीतून निघाले होते.

मी त्या पुरवठादाराला फोन केला. तो माणूस नोकरी सोडून गेला होता. कंपनीने सांगितलं, तो लॉट संपला, आता पुढच्या सशाचं मिळेल. संस्थेला लेखी दिलं, दोन पानं. उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' निबंध सरांनी मागे घेतला. मुलीवर कारवाई केली नाही, तेवढा दयाळूपणा दाखवला. फक्त त्या चार प्रकरणांवर सही करणार नाही म्हणाले. मार्चला सात आठवडे होते. सात आठवड्यांत नवीन प्रबंध माझ्यासारख्या महाराणीलाही जमला नसता.

मी रजा टाकून घरी बसले. बीपी, असं कारण लिहिलं. खोटं लिहायची सवय होतीच.

एके दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ती. हातात प्लास्टिकचं फोल्डर. आमच्या घरी आधी दोनदा आली होती, गणपतीला, तेव्हा सरळ स्वयंपाकघरात शिरायची. या वेळी चप्पल काढून बाहेरच्या खोलीत उभी राहिली.

"बस ना गं. चहा टाकते."

"नको. फॉर्मवर सही हवीये." आता ती माझ्याशी मालवणीत बोलत नव्हती. "संस्था सोडताना लागते. माझं फ्रीजमध्ये काही उरलेलं नाही, असं टेक्निशियनने लिहून द्यायचं असतं."

"सोडतेस?"

"सोडली. परवा."

मी कागद घेतला. पेन शोधायला वेळ लावला. मग म्हटलं, "मी खरंच सांगितलं गं त्यांना. सगळं."

"माहितीये. मी तिथेच होते ना."

"त्यांनी नाही मानलं."

"मावशी, सरांचं सोडा." तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. "मी तुम्हाला विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी. तेव्हा नळी गेलीच होती, बरोबर? म्हणजे तुम्ही हो म्हणाला असता तरी माझी डिग्री गेलीच असती. मी ते सगळं हिशेबात धरलं. रोज धरते."

"मग?"

"मग ते आठ दिवस तरी मी स्वतःला वेडी समजले नसते." ती हे रागाने बोलली नाही. एखादा आकडा वाचून दाखवावा तशी बोलली. "अजूनही गॅस बंद केला की परत बघून येते. दोनदा. खोलीवरच्या मुली हसतात."

वाटलं, तिचे पाय धरावेत. पण ते करून मी पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागितलं असतं. म्हणून नाही धरले.

"आता काय करणार?"

"घरी जाते. मग बघू."

"आईला काय सांगितलंस?"

"झाला नाय गो." तेवढे तीन शब्द मालवणीत निघाले, आणि तिने ओठ मिटून घेतले.

मी सही केली. 'काही शिल्लक नाही' असं लिहिलं, खाली नाव, पद. कागद तिच्याकडे दिला. तिने वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली. "आजची घाला. खरी."

मी घातली. तिने शाई वाळेपर्यंत थांबून कागद फोल्डरमध्ये सरकवला, चपला घातल्या. आमचा चौथा मजला. लिफ्ट समोरच उभी होती, दार उघडं. ती जिन्याने उतरून गेली.